विक्रेता क्रमांक दोन

लोक पीएच.डी. करतात. माझ्यावर केली गेली आहे. ग्राहकाचं मानसशास्त्र आणि खरेदीची वागणूक या विषयावरचा काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा एक जाडजूड प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात आहे. त्याच्या चौथ्या प्रकरणात 'विक्रेता क्रमांक दोन' म्हणून जो इसम वावरतो, तो मी. क्रमांक एकचा मान भरतला मिळाला. भरत माझ्यानंतर अकरा वर्षांनी दुकानात लागला, पण तो दाराजवळ बसायचा आणि प्रबंध लिहिणाऱ्या बाईंनी मोजायला दारापासून सुरुवात केली. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर छापील कागदावर नाव यावं तर तेही नुसता आकडा होऊन, याचा राग मला बरेच दिवस पुरला.

डहाणू रोडच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात मी साड्या दाखवायचो. दुकानाचं नाव सांगत नाही. शेठ हयात आहेत आणि त्यांना फुकटची जाहिरातसुद्धा संशयास्पद वाटते. ज्यांनी फक्त काचेची दुकानं पाहिली आहेत त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे गादी होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेली, वर पांढरी चादर. गिऱ्हाइकाने चपला बाहेर काढून अलीकडे बसायचं, आम्ही पलीकडे मांडी घालून, आणि आमच्या पाठीशी छतापर्यंत साड्यांची कपाटं. मागे न बघता हात बरोबर गठ्ठ्यावर पडला पाहिजे. साडी उलगडायला अक्कल लागत नाही, पण तीच साडी बोलता बोलता पुन्हा घडीत बसवायला शिकण्यात दोन-तीन वर्षं जातात. माझ्या सुरुवातीच्या घड्या बघून रसिकशेठ म्हणायचे, "सदा, हा साडी आहे का बटाट्याचा गोण?"

घडी जमली, मग जीभ जमली, आणि मग मला माझी विद्या सापडली. तिचं नाव तिसरी साडी. पहिली दाखवायची ती ऐपतीच्या वरची. गिऱ्हाईक हात लावून गप्प होतं. दुसरी दाखवायची ती मुद्दाम हलकी, रंगाने भडक, अंगावर घ्यायची लाज वाटेल अशी. गिऱ्हाईक नाक मुरडतं. मग तिसरी. ती आपण आधीच ठरवून ठेवलेली असते. पहिल्या दोघींच्या मानाने ती इतकी शहाणी दिसते की बाई म्हणते, "हीच." हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पुढे पीएच.डी.वाल्या मुलीने सांगितलं की यावर इंग्रजीत पुस्तकं आहेत, तेव्हा माझा ऊर भरून आला. त्या पुस्तकवाल्यांना हे किती वर्षांनी सुचलं ते मात्र तिने सांगितलं नाही.

सगळ्याच गिऱ्हाइकांवर ही विद्या चालत नसे, हे कबूल करतो. धाकटी डहाणूची एक मावशी होती. मासळी विकून दुपारी थेट यायची. ती कधी किंमत विचारायची नाही, सांगायची. मी पहिली साडी उलगडायच्या आत ती म्हणायची, "तुझं नाटक मला नको रे. तिसरी कुठली ती काढ." मी काढायचो. ती गेल्यावर भरत हसायचा आणि मी त्याला सांगायचो की नियम असला की अपवाद आलाच.

आता मुद्द्यावर येतो. २०१६च्या दिवाळीनंतर शेठचा मुलगा चिराग दुकानात बसायला लागला. हा चिराग लहानपणी आमच्या गादीवर लोळत मोठा झाला आणि एकदा त्याने एका बनारसीवर काय केलं होतं ते मी धुतलेलं आहे. पण तो मुंबईला शिकून आला आणि त्याला गादी जुनाट वाटायला लागली. त्याचं म्हणणं, गादी उचलायची, सगळीकडे हँगर लावायचे, मोठे आरसे, गारेगार हवा. गिऱ्हाईक स्वतः फिरेल, स्वतः निवडेल, गल्ल्यावर येईल. "आणि आम्ही?" मी विचारलं.

"काका, तुम्ही... बघू ना," चिराग म्हणाला.

या 'बघू ना'चा अर्थ कळायला पीएच.डी. लागत नाही. मी तेव्हा पंचावन्न पार केलं होतं. मला साडी दाखवणं सोडून दुसरं काही येत नव्हतं, आणि तेही उभ्याने नाही, मांडी घालूनच. गादी गेली तर मी गेलो, इतकं ते सरळ होतं. रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "चिकूच्या वाडीत पॅकिंगला माणसं लागतात म्हणे." मी कूस बदलली.

रसिकशेठना गादी सोडवत नव्हती आणि मुलाला नाही म्हणवत नव्हतं. त्यांनी तोडगा काढला. अर्धं दुकान गादी, अर्धं दुकान हँगर. लग्नसराई संपेपर्यंत बघायचं. आणि कोण खरं ते ठरवायला चिरागने एक परीक्षक आणला. ही केतकी. मुलगी वाणगावची, बाप भाजीपाल्याचा शेतकरी, कॉमर्स शिकून पीएच.डी.ला लागलेली. तिला एक दुकान हवं होतं जिथे कोपऱ्यात बसून गिऱ्हाइकं बघता येतील, आणि चिरागला फुकटात निकाल हवा होता. दोघांचं जमलं. २०१७च्या माघात ती स्टूल घेऊन कोपऱ्यात बसली. मांडीवर फुलस्केप वही, गळ्यात घड्याळ. बाई दारातून आली की घड्याळ दाबायची, काही घेतलं की दाबायची, न घेता गेली तरी दाबायची.

"हे काय मोजतेस?" मी विचारलं.

"निर्णयाला लागणारा वेळ, काका."

"आणि उन्हातून आलेली म्हातारी पंख्याखाली बसते तो वेळ कुठे धरतेस?"

तिने वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून वहीत 'पंखा' नावाचा वेगळा रकाना होता. तेव्हा मला वाटलं, पोरगी बरी आहे, पण आपल्या मुळावर आली आहे.

तिच्याकडे प्रश्नावली पण होती. त्यात सुरुवातीला घरात माणसं किती, जमीन किती, किनाऱ्याकडच्यांना होड्या किती, उत्पन्नाचं साधन काय असले प्रश्न. ते म्हणे सगळ्याच संशोधनांत विचारतात. एके दिवशी वाढवणचे, म्हणजे सरकारी बंदराला विरोध करणाऱ्या गावचे, एक गृहस्थ शर्टपीस घ्यायला आले. केतकीने नम्रपणे विचारलं, "आपल्या घरात होड्या किती?"

गृहस्थांनी शर्टपीस खाली ठेवला. "का?"

"नाही, नोंदीसाठी. आणि जमीन किती आहे?"

"बंदराचा सर्व्हे कापडाच्या दुकानात सुरू केला काय?" गृहस्थांचा आवाज रस्त्यावर गेला. "किनाऱ्यावर आम्ही उभं करत नाय म्हणून आता हितं धरता?"

केतकी उभी राहून सांगत होती की हा अभ्यास साबण, साड्या, शर्ट असल्या गोष्टींचा आहे. ते म्हणाले, "तसंच सांगतात सगळे," आणि अनवाणी बाहेर पडून मग चपला घ्यायला परत आले. पुढचे आठ दिवस त्या बाजूचं एकही गिऱ्हाईक आलं नाही. चिराग तोंड कडू करून बसला. केतकीने होड्या आणि जमीन प्रश्नावलीतून काढून टाकली. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. संशोधन असंच बुडालं तर गादी आपोआप वाचेल असा माझा हिशेब होता.

पण ते बुडेना. तेव्हा मी स्वतः हात घातला, आणि हे सांगताना मला आजही लाज वाटते. ओळखीची बाई गादीवर बसली की मी साडीच्या आडून हळूच सांगायचो, "ती कोपऱ्यातली पोरगी विचारेल. तर सांगायचं, हँगरची साडी मळकी असते, आम्हाला दाखवणारा माणूस पाहिजे." आमच्याकडची माणसं भिडस्त. इतक्या वर्षांच्या माणसाने सांगितलं म्हणजे करायचं. जी ती गेली आणि पाठ केल्यासारखी बोलून आली. "हँगरची साडी मळकी असते, आम्हाला दाखवणारा माणूस पाहिजे." एकीला तर केतकीने साबणाचा प्रश्न विचारला, तरी तिने हँगरचंच सांगितलं. आसनगावच्या एक बाई पुढचं विसरल्या आणि त्यांनी स्टुलाजवळून ओरडून विचारलं, "सदाभाऊ, मळकी असते, आणि पुढं काय?"

केतकीने वही मिटली. दुपारी गर्दी ओसरल्यावर ती माझ्यासमोर येऊन गादीवर बसली. तिने दोन आठवड्यांची पानं फाडून हातात घेतली होती.

"काका, हे सगळं आता फेकायचं. यातलं एकही उत्तर मला वापरता येणार नाही."

"एवढं काय त्यात?" मी म्हणालो. "लोकांचं मत तेच आहे."

"असेलही. पण आता मला ते कधीच कळणार नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "माझे वडील दर महिन्याला विचारतात, कधी होणार. मला रोज वाणगावहून यायचं, बसायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं, एवढंच येतं. तुम्हाला साड्या दाखवायच्या येतात. तुम्ही तेवढंच करा ना."

तिने चिरागला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी गादी उचलली गेली असती. मी मान खाली घालून उरलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या. दुसऱ्या दिवसापासून मी खरंच फक्त साड्या दाखवल्या.

हँगरच्या बाजूचं सांगायचं राहिलं. साडी टांगली की ती साडी राहत नाही, पडदा होते. काठाचा एक हातभर तुकडा दिसतो, बाकीचं सगळं आत. बाई ओढून बघते, साडी सरसरत खाली येते, बाई इकडेतिकडे बघून पलीकडच्या रांगेत सटकते. मग त्या साड्यांच्या घड्या घालायला कोण, तर क्रमांक दोन. गर्दी मात्र तिकडे व्हायची. आरसा होता ना. तलासरीकडून आलेल्या मुली एकेक पदर खांद्यावर टाकून बघायच्या, हसायच्या, फोटो काढायच्या. केतकीचं घड्याळ तिकडे जास्त चालायचं आणि चिरागच्या चेहऱ्यावर निकाल आधीच लागलेला असायचा.

मग चैत्रात लखमीबाय आली. तलासरीच्या पलीकडे डोंगराकडच्या एका पाड्यावरची. वय साठ म्हणा, सत्तर म्हणा. पाड्यावर लग्न निघालं की खरेदीचा कारभार तिच्याकडे. तिकडे आता पद्धत पडली आहे, लग्नात नाचणाऱ्या बायकांना एकसारख्या साड्या. एक रंग, एक काठ, बावीस नग. टेम्पोत बसून निम्मा पाडा येतो. बायका आधी हँगरकडे गेल्या. अर्धा तास आरशासमोर हसून घेतलं. केतकीचं घड्याळ चालू. चिराग कपाळावरचा घाम पुसून माझ्याकडे बघत होता. मग लखमीबायने हाक मारली, "चला गे," आणि सगळ्या येऊन गादीवर बसल्या.

मी पहिली दाखवली. कोणी बोललं नाही. दुसरी दाखवली. कोणी नाक मुरडलं नाही. तिसरी दाखवली, मोठ्या विश्वासाने. बावीस बायका माझ्या तोंडाकडे बघत शांत बसल्या होत्या. मी बोलत होतो, काठाचं कौतुक, रंगाची हमी, सुरतेहून कालच आलेला माल. चौथी, सातवी, अकरावी. गादीवर चादर दिसेना. पंधराव्या की सोळाव्या साडीला, हिरवी होती, मोरपिशी काठाची, लखमीबाय एकदम म्हणाली, "ही."

"बघा, हात लावून तरी बघा," मी म्हणालो.

"बघितलं. बावीस द्या."

त्या गाठोडी घेऊन गेल्या तशी केतकी वही घेऊन त्यांच्या मागे टेम्पोपर्यंत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा ओठ दाबून हसू आवरत होती. मी विचारलं तर म्हणाली, "अजून नक्की नाही काका. दोन-तीन वेळा तलासरीच्या बाजारात जाऊन यावं लागेल."

अक्षय तृतीया झाली, सराई ओसरली आणि एका दुपारी निकाल लागला. रसिकशेठ, चिराग, भरत आणि मी गादीवर, समोर केतकी. तिने वाचलं की बायका हँगरकडे जास्त वेळ रमतात. चिरागने पाठ ताठ केली. तिने पुढे वाचलं की साडी मात्र त्या बहुतेक गादीवरच घेतात, पाड्यांवरच्या बायका तर हटकून. आता मी पाठ ताठ केली.

"पण कारण काय?" चिराग म्हणाला.

"तिसरी साडी," मी म्हणालो. त्या वेळी माझा आवाज जरा मोठा लागला असेल.

"नाही काका," केतकी म्हणाली. "चष्मा."

मला लांबचं दिसायचं नाही, तरुणपणापासून जाड काचा. चाळिशी ओलांडल्यावर जवळचं दिसेना, पण त्यासाठी मी दुसरा चष्मा केला नाही, कारण आहे तो काढला की जवळचं लख्ख दिसायचं. साडी हातात घेतली आणि कापड खरंच चांगलं निघालं की माझा हात आपोआप चष्म्याकडे जायचा. वीण बघायची, काठ बघायचा, एवढी चांगली वस्तू म्हणून डोळे भरून बघून घ्यायची. टाकाऊ मालाच्या वेळी कशाला बघतो? तेव्हा नुसती जीभ चालायची. हे मी दहा-बारा वर्षं करत होतो आणि मला पत्ता नव्हता. लखमीबायने टेम्पोजवळ केतकीला जे सांगितलं ते केतकीने वहीतून जसंच्या तसं वाचलं.

"तो भाऊ लय बोलतो. त्याचं बोलणं नाय ऐकायचं. त्याचा चश्मा बघायचा. कापड बरं असलं तर चश्मा काढून बघतो. आमच्या सगळ्या पाड्यांवर हे माहीत हाय. हँगरवर साडी चांगली की वाईट, कोण सांगल? हँगरला चश्मा हाय काय?"

आधी भरत हसला. मग शेठ हसले आणि त्यांना ठसका लागला. मग चिराग. केतकी हसत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, "ती धाकटी डहाणूची मावशी?"

"त्यांनाही माहीत आहे," केतकी म्हणाली.

गादी वाचली. हँगरवर लेगिंग आणि ड्रेस गेले, साड्या परत कपाटात आल्या आणि चिरागने मोठ्या मनाने मला मिठाईचा पुडा दिला. घरी येताना तो पुडा मला जड लागला. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकाला वाचतो आहे अशा थाटात बसलो होतो, आणि माझंच पुस्तक उघडं होतं. चार दिवस मी हट्टाने चष्मा दोरीने बांधून ठेवला. त्या चार दिवसांत बायका दिवेलागणीपर्यंत गादीवर बसून राहिल्या आणि एकही साडी खपली नाही. पाचव्या दिवशी शेठ स्वतः येऊन दोरी सोडून गेले.

पुढे मी ते विसरलो. शरीराला लागलेली सवय, किती दिवस लक्षात ठेवणार? २०१८च्या दिवाळीच्या सुमारास दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता लांबचं चष्म्याशिवाय दिसेल, जवळचं वाचायला मात्र चष्मा लागेल. जन्मात पहिल्यांदा समोरच्या दुकानाची पाटी मला उघड्या डोळ्यांनी दिसली. मी वाचायचा चष्मा खणात टाकला आणि दिवसभर मोकळ्या चेहऱ्याने गादीवर बसायला लागलो. कापड हाताला कळतं, डोळे कशाला, असं मी म्हणायचो.

आणि काय सांगू, विक्री धो धो. जी दाखवावी ती साडी जाते. पहिली दाखवली, पहिली गेली. दुसरी, ती मुद्दाम दाखवायची भडक दुसरी, तीही गेली. दोन-दोन वर्षं कपाटाच्या तळाशी पडलेला माल निघाला. चिराग म्हणाला, "काका, ऑपरेशन डोळ्यांचं केलं की जिभेचं?" मला वाटलं, विद्या आता कुठे फळाला आली. चष्म्याची गोष्ट आठवायला हवी होती. कदाचित आठवलीही असेल. पण धंदा जोरात असला की माणूस आतल्या कुरकुरीकडे फारसं लक्ष देत नाही.

त्याच दिवसांत लखमीबाय पुन्हा आली, पाड्यावरच्या दुसऱ्या लग्नासाठी. मी पहिली उलगडली, महागातली. तिने मान हलवली, परवडायची नाही. दुसरी उलगडली, राणी रंगाची, सोनेरी काठाची. ती मी वर्षभर नुसती नाक मुरडायला दाखवत होतो. तिचा रंग पक्का नाही हे मला ठाऊक होतं. लखमीबायने माझ्या तोंडाकडे बघितलं, चेहरा मोकळा. "ही," ती म्हणाली. "बावीस."

मला थांबवता आलं असतं. 'ही नको, रंग जाईल' एवढेच शब्द होते. मी ते बोललो नाही. मागून शेठ बघत होते, चिराग बघत होता, आणि पडीक गठ्ठा एका फटक्यात निघत होता. मी बावीस घड्या मोजून दिल्या.

पंधरा-वीस दिवसांनी ती एकटी आली. त्या हिवाळ्यात तलासरीकडे भूकंपाचे धक्के चालू होते, माणसं थंडीत अंगणात झोपत होती. मी घाईने विचारलं, "घरं बरी आहेत ना?"

"एक भिंत तडकली. बाकी बरं हाय." ती गादीवर बसली आणि तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. कोपरापर्यंत गुलाबी. मग पाय दाखवले. तेही घोट्यापर्यंत गुलाबी. "परवा हळदीला पाणी उडवलं पोरांनी. बावीस बायका गुलाबी झाल्या. नवऱ्याकडची माणसं हसून हसून पडली. नवरा पण गुलाबी, करवलीनं धरला होता त्याला. धरती हलली तवा पाड्यावर कोण पळालं नाय, पण रंग निघाला तवा सगळ्या विहिरीवर पळाल्या."

मी म्हणालो, "सगळ्या बदलून देतो. आजच."

"बदलून नको. झालं लगीन." तिने हात मागे घेतले. "एक सांगा फक्त. चश्मा काढून का दाखवली?"

मी तिला ऑपरेशनचं सांगितलं. भिंग बसवलं, आता चष्मा लागत नाही, म्हणून चेहऱ्यावर नव्हता, काढला वगैरे नव्हता. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डोळे बरे झाले ते चांगलं झालं. पण मग आता आमाला कसं कळायचं?"

चिराग गल्ल्यावरून बघत होता. ती उठून गेली तेव्हा तिच्या पायाच्या बोटांचे फिकट गुलाबी ठसे गादीच्या चादरीवर राहिले होते. भरत चादर बदलायला उठला, मी त्याला म्हटलं, आजचा दिवस राहू दे.

संध्याकाळी मी बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गेलो.

"नंबर?" त्याने विचारलं.

"शून्य."

"शून्य नंबरचा चष्मा कशाला हवाय, सदाभाऊ?"

"काढायला," मी म्हणालो.

तेव्हापासून माझी रीत बदलली. सकाळी दुकान उघडायच्या आधी अर्धा तास मी यायचो. खणातला वाचायचा चष्मा लावून दाराच्या उजेडात एकेक नवी साडी बघायचो. वीण, काठ, कोपरा ओला करून रंग. पास झालेल्या एका कपाटात, नापास दुसऱ्यात. मग शून्य नंबरचा चष्मा लावून गादीवर बसायचो, आणि पास कपाटातली साडी हातात आली की तो काढायचो. विक्री पहिल्यासारखी बेताची झाली. चिराग आठ दिवस फुगला. मग एकदा हळूच येऊन म्हणाला, "नापासवाल्या सुरतेला परत पाठवून देऊ का, काका?" मी म्हटलं, दे.

केतकीला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "प्रबंध गेल्या आठवड्यात दिला हो काका. हे आता कुठे घालू?" म्हणजे क्रमांक दोनच्या गोष्टीचा शेवट त्या काळ्या पुस्तकात नाही. तो इथे लिहितो.

२०१९ची दिवाळी माझी गादीवरची शेवटची. धनतेरसच्या आदल्या दिवशी लखमीबाय आली. टेम्पो नाही, पाडा नाही, एकटी. म्हणाली, "एकच पायजे. माझ्यासाठी." इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी माझ्याकडून साडी घेतली नव्हती. पहिली दाखवली, चष्मा डोळ्यांवर. दुसरी दाखवली, चष्मा डोळ्यांवर. तिसरी काढली, गर्द निळी, बारीक काठाची, सकाळी नऊ वाजता उजेडात दोनदा बघितलेली. मी चष्मा काढला. खरं म्हणजे इतक्या जवळून आता मला काहीच धड दिसत नव्हतं, तरी मी मान वाकवून बघितलं.

ती साडीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"भाऊ," ती म्हणाली, "आता तुमी कापड नाय बघत."

"म्हणजे?"

"आधी चश्मा काढला की तुमाला आमी दिसायचो नाय. कापडातच जायचात. आता काढता नि चोरून माझ्याकडं बघता. आता आमाला दाखवाया काढता."

कानापर्यंत गरम झालो. मग मी सांगून टाकलं, सकाळचं, उजेडाचं, दोन कपाटांचं, शून्य नंबराचं, सगळं. ती ऐकत होती आणि तिने माझ्या पुढ्यातला पाण्याचा पेला ओढून घेतला. साडीचा कोपरा त्यात बुडवला. पिळला. आणि पांढऱ्या चादरीवर, माझ्या गुडघ्याजवळ, जोर लावून घासला. दोघंही वाकून बघत राहिलो. ओला डाग पडला, रंग नाही.

"चालेल," लखमीबाय म्हणाली. "बांधा. आन् तो चश्मा घाला आधी, उठताना पडाल नायतर."

मी मुकाट्याने शून्य नंबरचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि साडी बांधायला घेतली.